तिसऱ्या औषधाला सूट कशासाठी?

गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचे मूळ नाव कंपनीने ठेवलेल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात हवे, असा नियम आपल्या देशात आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ मार्च २०१८ रोजी औषध नियमावलीच्या ९६व्या नियमात ही दुरुस्ती केली आणि सहा महिन्यांनी, १३ सप्टेंबरपासून, ती लागू झाली. मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन फाँट मोठे असावे आणि ब्रँडचे नाव त्याच्या खाली किंवा नंतर यावे, अशी ही तरतूद. रुग्णाच्या बाजूने केलेला, साधा आणि शहाणा नियम. पण त्याच वाक्यात एक सूटही आहे. जीवनसत्त्वांची मिश्रणे आणि तीन किंवा त्याहून अधिक औषधे एकत्र करून बनवलेली मिश्रणे यांना हा नियम लागू नाही.

म्हणजे एकाच औषधाची गोळी असेल तर नाव मोठे. दोन औषधे असतील तरी मोठे. तीन झाली, की कंपनी मोकळी. आत काय आहे याची यादी छापावीच लागते, पण ती बारीक अक्षरात, पाकिटाच्या मागच्या चंदेरी बाजूला, जिथे दिव्याखाली धरूनही वाचताना डोळे दुखतात. ज्या गोळीत काय काय आहे हे रुग्णाला कळण्याची सर्वात जास्त गरज, तिलाच नियमाने वगळले आहे. ही सूट काढून टाकली पाहिजे.

बेळगावहून पुण्याकडे निघालेल्या महामार्गावर पहिल्या काही किलोमीटरमध्येच काकती लागते. राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. घरात मराठी किंवा कन्नड, पाटीवर कन्नड आणि औषधाच्या पाकिटावर इंग्रजी, ही इथली रोजची रीत. इथे काय आणि निपाणीकडच्या गावांत काय, सर्दी-ताप आला की माणूस आधी मेडिकलमध्ये जातो. ‘थंडीतापाची गोळी द्या’ म्हटले की जी हातात पडते, ती बहुतेकदा तीन औषधांची असते : ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन आणि शिंका थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन. काहींत वर कॅफिनही असते. पाकिटावर ठळक दिसते ते ब्रँडचे नाव. पॅरासिटामॉल कुठे तरी मागे.

आता हिशेब करू. अशा गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असेल आणि ती दिवसातून तीनदा घेतली, तर १५०० झाले. ताप उतरत नाही म्हणून घरातली ६५० ची तापाची गोळी चार वेळा घेतली, म्हणजे आणखी २६००. अंग मोडून आले म्हणून सांधेदुखीची एखादी संयुक्त गोळी दोनदा. त्यातल्या प्रत्येकीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे ६५०. बेरीज ४७५०. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानतात, आणि दारू पिणाऱ्याला किंवा यकृताचे दुखणे असलेल्याला तेवढेही चालत नाही. या माणसाने एकही गोळी चुकीची घेतलेली नाही. सर्दीला सर्दीची, तापाला तापाची, अंगदुखीला अंगदुखीची घेतली. तिन्हींत एकच औषध आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृत निकामी करू शकतो आणि पहिला दिवस-दीड दिवस फारसा त्रासही जाणवत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये याच कारणासाठी नियम केला. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ज्या औषधात पॅरासिटामॉल आहे, मग ते एकटे असो वा मिश्रणात, त्याच्या दर्शनी बाजूवर ते नाव ठळक हवे आणि यकृताचा इशाराही हवा. तिथे या औषधाला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. मिश्रणात आणखी किती औषधे आहेत यावर तिथे सूट ठरत नाही. ऑस्ट्रेलियानेही २०१६ मध्ये औषधांच्या लेबलचे नियम बदलले, सक्रिय घटकांची नावे पुढच्या बाजूला ठळक आणायला सांगितले आणि कंपन्यांना २०२० पर्यंत मुदत दिली.

बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचा प्रश्न आणखी बिकट आहे, कारण त्या आठवडाभर नाही, जन्मभर घ्यायच्या असतात. ब्रँडच्या नावापुढे कंपन्या अक्षरे जोडतात. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन. त्याला ‘एएम’ जोडले की आत ॲम्लोडिपिन आले, ‘एच’ जोडले की हायड्रोक्लोरोथायझाइड. पॅन म्हणजे पँटोप्राझोल आणि ‘डी’ म्हणजे डोम्पेरिडोन. अक्षरे कंपनीची, अर्थही कंपनीचा. एकीकडचा ‘एम’ मेटफॉर्मिनचा, दुसरीकडचा आणखी कशाचा. ‘प्लस’ आणि ‘फोर्ट’ यांतून तर काहीच बोध होत नाही. एका डॉक्टरांनी ॲम्लोडिपिनची सुटी गोळी दिलेली, दुसऱ्यांनी नंतर ॲम्लोडिपिन असलेली संयुक्त गोळी लिहिली आणि आधीची बंद करायची राहिली, तर माणसाचे पाय सुजतात, चक्कर येते. मग त्या सुजेवर तिसरी गोळी सुरू होते.

मधुमेहात तीन औषधांची मिश्रणे सर्रास मिळतात : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि त्यांच्या जोडीला व्होग्लिबोज किंवा पायोग्लिटाझोन. यातल्या पायोग्लिटाझोनची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून जून २०१३ मध्ये केंद्राने त्याची विक्री थांबवली, आणि पुढच्याच महिन्यात औषधासोबतच्या माहितीपत्रकात इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू केली. इशारा छापला तरी तो आपल्यासाठी आहे हे रुग्णाने कसे ओळखायचे? वर्तमानपत्रात पायोग्लिटाझोनची बातमी वाचून काकतीतला माणूस आपले पाकीट पाहतो तेव्हा त्याला दिसते ब्रँडचे नाव आणि त्यापुढची दोन-तीन अक्षरे. बातमी आणि गोळी यांची गाठच पडत नाही.

सीमाभागात हे दुखणे आणखी वाढते. बेळगाव-निपाणीचा माणूस उपचारासाठी कधी बेळगावला जातो, कधी कोल्हापूरला, कधी मिरजेला. मिरजेच्या मिशन रुग्णालयाची परंपरा जुनी आहे आणि तिकडे जाण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी खुली केली. कर्नाटक सरकारने त्यावर हरकत घेतली, तो वाद वेगळा. माणसे मात्र दोन्हीकडच्या चिठ्ठ्या घेऊन फिरतात. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड काकतीच्या दुकानात नसतो आणि बेळगावचा ब्रँड गडहिंग्लजला मिळत नाही. दुकानदार म्हणतो, ‘हे नाही, पण त्यातलंच दुसरं देतो.’ बहुतेकदा तो प्रामाणिकच असतो. पण ‘त्यातलंच’ म्हणजे नेमके कशातले, हे ताडून पाहायला गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नसते. जुन्या आणि नव्या पाकिटावर तीच तीन मूळ नावे मोठ्या अक्षरात असती, तर घरातल्या आठवीतल्या मुलीलाही दोन्ही पाकिटे शेजारी धरून ती एकच आहेत की नाहीत हे सांगता आले असते.

बेळगावचे नाव या विषयाशी आणखी एका कारणाने जोडलेले आहे. देशात विकल्या जाणाऱ्या संयुक्त औषधांची छाननी करण्यासाठी केंद्राने २०१४ मध्ये जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष प्रा. चंद्रकांत कोकाटे हे त्या वेळी बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू होते. ही समिती नेमावी लागली, कारण १९८८ पासून नव्या संयुक्त औषधाला केंद्राची मंजुरी आवश्यक असतानाही राज्यांचे औषध नियंत्रक परस्पर उत्पादनाचे परवाने देत होते. संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ च्या अहवालात त्यावर कोरडे ओढले. ‘पीएलओएस मेडिसिन’ या नियतकालिकात २०१५ साली आलेल्या अभ्यासात वेदनाशामकांच्या १२४ मिश्रणांपैकी ९० ना केंद्राच्या मंजुरीची नोंदच सापडली नव्हती. कोकाटे समितीने सहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली. तिच्या शिफारशीवरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली.

कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात बंदी रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. त्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाला फेरतपासणी करायला सांगितले. मुंबईच्या ज्येष्ठ औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीने ती केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली.

इथे तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. बंदीची अधिसूचना ७ सप्टेंबरची, ती जाहीर झाली १२ सप्टेंबरला. मूळ नाव मोठे छापण्याचा नियम लागू झाला १३ सप्टेंबरला. एकाच आठवड्यात एकाच मंत्रालयाने शेकडो मिश्रणांना उपचाराच्या दृष्टीने आधार नाही असे ठरवले, आणि तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना नाव ठळक छापण्यातून सोडणारा नियमही लागू केला. बंदीच्या यादीत अशी तीन, चार, पाच औषधांची मिश्रणे भरपूर होती. त्यानंतरही हे थांबलेले नाही. जून २०२३ मध्ये १४ मिश्रणांवर बंदी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ वर. पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल, टॉरिन आणि कॅफिन अशी चौकडी एका गोळीत कोंबलेले औषधही त्या १५६ मध्ये होते. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातले वेदनाशामक, सवय लावणारे. आपण अंगदुखीसाठी अशी गोळी घेत होतो हे किती जणांना ठाऊक असेल?

बंदी येते तेव्हा बातमीत मूळ नावे छापून येतात, घरात असतात ती ब्रँडची नावे. ज्याच्यासाठी बंदी घातली तो रुग्ण उरलेल्या गोळ्या संपवत राहतो.

संयुक्त औषधे सगळीच वाईट, असा याचा अर्थ नाही. क्षयरोग्याला सुरुवातीचे दोन महिने चार औषधे एकाच गोळीतून दिली जातात. त्यामुळे एखादे औषध गाळले जात नाही आणि जंतू औषधांना दाद न देणारा बनण्याचा धोका कमी होतो. एचआयव्हीच्या उपचारात तीन औषधांची एक गोळी हा मोठा दिलासा आहे. जुलाबाच्या साथीत लाखो मुले वाचवणारे ओआरएसही मिश्रणच. पण क्षयाच्या गोळीतली चारही नावे आरोग्यसेविकेला तोंडपाठ असतात, कारण तिथे लपवण्यासारखे काही नाही. चांगल्या मिश्रणाला आपली नावे मोठ्या अक्षरात सांगायला अडचण कसली?

अडचण म्हणून दोन गोष्टी पुढे केल्या जातात. पहिली जागेची. तीन लांबलचक रासायनिक नावे छोट्या पाकिटावर मोठ्या अक्षरात मावणार कशी? हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. दहा गोळ्यांच्या पाकिटावर प्रत्येक गोळीमागे नावे छापली तर गर्दी होते. पण आज तीच जागा ब्रँडच्या नावाने, चिन्हाने आणि रंगीत पट्ट्यांनी भरलेली असते. ब्रँडचे नाव लहान झाले की जागा आपोआप मोकळी होते. क्षारांची शेपटे, म्हणजे हायड्रोक्लोराइड, मॅलिएट वगैरे, मागच्या तपशिलात राहू द्यावीत आणि पुढे फक्त मुख्य नाव आणि मिलिग्रॅम घ्यावेत. तीन ओळींत काम होते. जीवनसत्त्वांच्या गोळीत दहा-बारा घटक असतात, तिथे सूट समजण्यासारखी आहे. तीन-चार औषधांसाठी ती समजण्यासारखी नाही.

दुसरा मुद्दा असा की रुग्णाला ही नावे कळून उपयोग काय, डॉक्टर आहेत, फार्मासिस्ट आहेत. हे बोलणाऱ्यांनी एकदा गावातली गर्दीची ओपीडी पाहावी. रुग्ण तिथे ‘लाल पाकिटातली’ किंवा ‘सकाळची बारकी पांढरी’ असे सांगतो आणि डॉक्टर अंदाज बांधतात. दोन राज्यांत आणि तीन गावांत उपचार घेतलेल्या माणसाची पूर्ण यादी त्याच्या पिशवीखेरीज कुणाकडेच नसते. पाकिटावरची मोठी नावे जितकी रुग्णासाठी, तितकीच रात्री दोन वाजता ती पिशवी उघडणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत.

डॉक्टरांनीच मूळ नावाने लिहावे, म्हणजे प्रश्न सुटेल, असेही काहींना वाटते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी तसा नियम केला होता. औषधांच्या दर्जाची हमी कोण देणार, असा डॉक्टरांच्या संघटनांचा सवाल होता, आणि तो रास्तही होता. २३ ऑगस्टला नियम स्थगित झाला. त्याआधी १९७५ मध्ये हाथी समितीने निवडक औषधांची ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने काढायला सांगितली होती. १९८१ मध्ये ॲनाल्जिन, ॲस्पिरिन, क्लोरप्रोमाझिन, फेरस सल्फेट आणि पिपेराझिन या पाच औषधांपासून सुरुवात करण्याचा प्रयत्न झाला आणि तो न्यायालयात अडकला. ब्रँड काढायचा की ठेवायचा, हा झगडा अर्धे शतक चालू आहे आणि लवकर मिटणारा नाही. नाव मोठे छापण्यासाठी तो मिटण्याची वाट पाहायची गरज नाही. डॉक्टर ब्रँड लिहू देत, कंपनी ब्रँड विकू दे. फक्त आत काय आहे ते पुढे लिहावे.

महाराष्ट्रात या मागणीचा इतिहास जुना आहे. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे कार्यकर्ते गेली चार दशके अशास्त्रीय मिश्रणांविरुद्ध लिहीत-बोलत आले. १९८०च्या दशकात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जादा मात्रेच्या मिश्रणाविरुद्ध महिला संघटना आणि मेडिको फ्रेंड सर्कलसारखे गट लढले. गर्भ राहिला आहे का हे पाहण्यासाठी, आणि पाळी आणण्यासाठीही, बायका ते औषध घेत होत्या. पोटातल्या बाळाला अपाय होण्याचा धोका होता. कंपन्यांनी बंदीला न्यायालयातून स्थगिती मिळवली आणि ती प्रत्यक्षात यायला १९८८ उजाडले. मधल्या वर्षांत किती बायकांना आपण संप्रेरके घेत आहोत हे माहीत होते?

मुलांच्या औषधांत तर चुकीला जागाच नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. त्यानंतर २०२५ च्या शरदात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप घेतलेली वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. अनेकांवर नागपुरात उपचार झाले. मृत्यूचे कारण डायइथिलीन ग्लायकॉल हे विष, जे त्या सिरपमध्ये जवळपास निम्मे होते. लेबलवरच्या अक्षरांनी ते विष अडले नसते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण ते सिरप मुळात पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन अशा तिघांचे मिश्रण होते, म्हणजे ज्या जोडीबद्दल पावणेदोन वर्षांपूर्वी इशारा दिला गेला तीच जोडी, आणि शिवाय तिसरे औषध. इशारा मूळ नावाने निघतो आणि बाटली ब्रँडच्या नावाने मागितली जाते. आईने मेडिकलमध्ये बाटली हातात घेतल्यावर तिला इशारा आठवावा असे वाटत असेल, तर ती दोन नावे बाटलीच्या दर्शनी बाजूला हवीत.

ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यातून मूळ नाव, बॅच, मुदत आणि उत्पादक कळतो. बनावट औषध पकडायला तो उपयोगी आहे. पण ज्या सत्तरीच्या बाईंकडे बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी कोड म्हणजे काळा चौकोन. शिवाय तीनशेपलीकडच्या हजारो ब्रँडवर तो नाहीच. देशात पंधरा हजारांहून अधिक झालेल्या जनऔषधी केंद्रांत पाकिटावर फक्त मूळ नाव असते. ब्रँडची चिठ्ठी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तिथे सर्वात जास्त खोळंबा होतो तो तीन औषधांच्या गोळीसाठीच, कारण तिची फोड करावी लागते.

नियमात बदल करायला नवा कायदा लागत नाही. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाशी विचारविनिमय करून मंत्रालय मसुदा प्रसिद्ध करते, हरकती मागवते आणि अधिसूचना काढते. ९६व्या नियमातून ‘तीन किंवा अधिक औषधांची मिश्रणे’ हे शब्द गाळावेत आणि सूट फक्त जीवनसत्त्वांपुरती ठेवावी. प्रत्येक मूळ नावासमोर मिलिग्रॅम त्याच आकारात असावेत. आकाराबरोबर रंगाचीही अट घालावी, नाहीतर मोठे पण फिकट करड्या रंगात छापलेले नाव ठसठशीत लाल ब्रँडपुढे पुन्हा हरेल. ज्या औषधांच्या दुहेरी सेवनाने धोका होतो, त्यांची नावे कापलेल्या पाकिटाच्या तुकड्यावरही उरतील अशा रीतीने पुन्हापुन्हा छापावीत. काकतीसारख्या गावात दहाचे पाकीट अख्खे घेणारे थोडे, चार गोळ्या कापून नेणारे फार. सुरुवात पॅरासिटामॉल असलेल्या मिश्रणांपासून आणि बीपी-मधुमेहाच्या तिहेरी गोळ्यांपासून करता येईल. २०१८ मध्ये एक आणि दोन औषधांच्या पाकिटांसाठी कंपन्यांना सहा महिने पुरले होते. तीन औषधांसाठी तेवढीच मुदत द्यावी, आणि तपासणीची जबाबदारी कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन्ही राज्यांच्या औषध निरीक्षकांवर एकाच तारखेपासून टाकावी.